जुनी आउटबोर्ड हायड्रोप्लेन हाती आली तर: आधी इतिहास, मग पॉलिश पेपर

सिएटलच्या ईशान्येला केनमोर, बॉथेल, रेडमंड या पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर झाली आहेत. समामिश नदीकाठच्या पायवाटेवर रविवारी सकाळी चालायला गेलं की दोन-चार ठिकाणी तरी मराठी कानावर पडतं. याच नदीत १९३० च्या दशकापासून १९७६ पर्यंत छोट्या आउटबोर्ड बोटींची (मागे इंजिन टांगलेल्या) एक शर्यत व्हायची, ‘समामिश स्लू रेस’. लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाला केनमोरहून निघायचं, अरुंद, वळणावळणाच्या पात्रातून लेक समामिश गाठायचं आणि तसंच परत यायचं. वळण चुकलं की बोट काठावर चढून थेट शेतात. १९६० च्या दशकात पूरनियंत्रणासाठी नदी खोल आणि सरळ केली, त्यामुळे आज आपल्याला दिसतो तो साधा कालवा.

त्या काळातल्या बोटी अजून आहेत. कुणाच्या गॅरेजच्या छताला उलट्या टांगलेल्या, कुणाच्या परसात ताडपत्रीखाली. मालक ऐंशीच्या पुढचे. घर विकायला निघालं की मुलं विचारतात, “ही हवी का कुणाला?” अशी एक मी घेतली, ती पाण्यावर आणली आणि तिच्यामागची माणसं शोधली. त्या वाटेवर जे कुणीच एका जागी सांगत नाही, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं वॉशिंग्टन राज्यातली असली तरी मिशिगन, न्यू जर्सी किंवा फ्लोरिडात राहणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

माझं म्हणणं एकच आहे: इंजिन पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल, माणूस पुढच्या वर्षी भेटेलच असं नाही. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

१. आधी वर्ग समजून घ्या

आउटबोर्ड हायड्रोप्लेन म्हणजे साधारण नऊ ते बारा फुटांची प्लायवूडची हलकी बोट. इंजिन मागच्या फळीला टांगलेलं. पुढे दोन्ही बाजूंना दोन स्पॉन्सन, म्हणजे तळातून खाली आलेले उंचवटे. वेग घेतला की बोट पाण्याला तीनच ठिकाणी टेकते: दोन स्पॉन्सनच्या मागच्या कडा आणि मागे पंखा, म्हणजे प्रोपेलर. बाकी सगळी बोट हवेवर. ही तीन-बिंदूंची रचना १९३० च्या दशकात न्यू जर्सीतल्या अ‍ॅडॉल्फ अ‍ॅपेल यांच्या व्हेंटनर कारखान्याने रुळवली. त्याआधीच्या बोटींच्या तळाला आडवी पायरी असे. चालक बसत नाही, गुडघ्यांवर असतो.

वर्ग ठरतो इंजिनाच्या घनइंचांवरून. स्टॉकमध्ये, म्हणजे कारखान्यातून आलेल्या इंजिनांत, ढोबळमानाने असं लक्षात ठेवा: ए म्हणजे १५, बी २०, सी ३०, डी ४०, आणि जुन्या मोठ्या इंजिनांचा एफ ६०. बी वर्गाचं इंजिन म्हणजे सुमारे ३३० सीसी.

इथे पहिली फसगत होते. नुसतं अक्षर पुरत नाही. ‘बी स्टॉक हायड्रो’ म्हणजे कारखान्यातून आलेलं इंजिन, पेट्रोल आणि तेल. नुसतं ‘बी हायड्रो’ म्हटलं तर जुनी मंडळी बहुतेकदा अल्कोहोलवर चालणारं, भरपूर फेरफार केलेलं इंजिन समजतात. दोन्हींच्या किमती, सुटे भाग, आठवणी, माणसंसुद्धा वेगळी. बोलणं सुरू करण्याआधी “स्टॉक की अल्की?” एवढं विचारा. समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागेल.

२. इंजिनाची ओळख पटवा

विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आउटबोर्ड मोटर विकायला सुरुवात केली. शर्यतीची खास इंजिनं विसाच्या दशकाच्या शेवटी आणि तिसाच्या दशकात आली. तुम्हाला भेटतील ती साधारण अशी:

- जॉन्सनची केआर, एसआर आणि पीआर: अनुक्रमे ए, बी आणि सी वर्गाची. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची.
- एल्टो आणि एव्हिनरूडचं ‘४-६०’: चार सिलिंडर, ६० घनइंच. एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका.
- मर्क्युरी: युद्धानंतर केजी४एच, केजी७एच, केजी९एच, पुढे मार्क २०एच, ३०एच, ५५एच. शेवटचं ‘एच’ महत्त्वाचं, ते शर्यतीच्या इंजिनाची खूण.
- अल्कोहोलवाली: बर्लिनचं कोनिग, इंग्लंडचं अ‍ॅन्झानी आणि इलिनॉयमधल्या क्विन्सी वेल्डिंगने मर्क्युरीवरून तयार केलेली इंजिनं.

मर्क्युरीच्या ‘एच’ इंजिनाखाली ‘क्विकसिल्व्हर’ नावाचा सडपातळ, टोकदार खालचा भाग असतो. मासेमारीच्या साध्या इंजिनाला तो भाग जोडून ‘एच’ म्हणून विकलेली इंजिनं पुष्कळ आहेत. त्यात लबाडीच असते असं नाही. शर्यतीतली मुलं स्वतःच तसं जोडायची, आणि तोही त्या इंजिनाचा इतिहासच आहे. पण पैसे मोजताना पाटीवरचं मॉडेल आणि क्रमांक बघा. पाटी पुसण्याआधी तिचा फोटो काढा. जोरात घासली की अक्षरं जातात.

क्विकसिल्व्हरला पाण्याचा पंप नसतो. बोट वेगात असताना पंख्यामागचं पाणी दाबाने नळीत शिरतं आणि तेच इंजिन थंड करतं. म्हणून “चालतंय का बघू” म्हणून पिंपात बुडवून किंवा स्टँडवर कोरडं चालवू नका. बाहेरून पाणी जोडलं नाही तर काही क्षणांपलीकडे ते चालवणं धोक्याचं आहे.

३. बोट वाचा, घासू नका

जो-तो बोट घरी आणली की पॉलिश पेपर हातात घेतो. कृपा करून थांबा. ही बोट म्हणजे तिच्या मालकाची वही आहे आणि ती रंगाच्या थरांमध्ये लिहिलेली आहे.

लागणारी साधनं: चांगली विजेरी, फोनचा कॅमेरा, छोटा आरसा, मऊ ब्रश, मोजपट्टी, पेन्सिल आणि वही. बस.

रात्री गॅरेजचे दिवे बंद करा. विजेरी बोटीच्या बाजूला जवळजवळ टेकवून, प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाईल अशी धरा. वरच्या रंगाखाली दबलेल्या जुन्या आकड्यांच्या कडा उमटून येतात. माझ्या बोटीवर पांढऱ्या रंगाखाली एक आकडा, त्याखाली दुसरा, आणि डेकवर डाव्या हाताला कुणाचं तरी लाडाचं नाव निघालं. आकड्याबरोबर अक्षर असेल तर ते बहुधा विभागाचं असतं. ‘यूएस-१’ असं काही दिसलं तर ते राष्ट्रीय विजेत्याचं लक्षण आहे; फोटो काढा आणि त्या रात्री दुसरं काही करू नका. सगळे फोटो एकाच उंचीवरून, मोजपट्टी शेजारी ठेवून काढा.

मग आत शिरा. डेकच्या खालून आरसा फिरवा. बांधणाऱ्याने चौकटींवर पेन्सिलीने घातलेले क्रमांक, कधी तारीख, कधी सही सापडते. मागच्या फळीवर इंजिनाच्या शिकंज्यांचे किती जोड उमटलेत ते मोजा. दोन वेगळ्या रुंदीचे ठसे म्हणजे इंजिन बदललं, कदाचित वर्गही. तळाच्या पात्याची, म्हणजे फिनची, जुनी बुजवलेली भोकं बघा: चालक वळण सुधारण्यासाठी ते पातं कुठून कुठे सरकवत गेला हे त्यावरून कळतं. उजव्या स्पॉन्सनला आतून ठिगळ असेल तर ती कुणाची तरी मोठी गोष्ट आहे. ती विचारायची यादीत लिहा.

चालकाची जागा कुठे आहे यावरूनही काळ कळतो. जुन्या बोटींत चालक मागे, इंजिनाला चिकटून असे. सिएटलच्या ह्यू एन्ट्रॉप यांनी चालकाला पार पुढे नेणारी ‘कॅबओव्हर’ बोट स्वतः बांधली आणि ७ जून १९५८ रोजी लेक वॉशिंग्टनवर ताशी १०७.८ मैलांचा, म्हणजे सुमारे १७३ किलोमीटरचा आउटबोर्ड विक्रम केला. १९६० मध्ये लेक हवासूवर त्यांनीच तो जवळजवळ १२३ मैलांवर नेला. त्यानंतर चालकाला पुढे नेण्याची पद्धत पसरत गेली. तुमच्या बोटीत मागची जागा बुजवून पुढे नवी केलेली दिसली तर ती बहुधा या काळातली उलथापालथ आहे.

बांधणाऱ्याचं नाव सापडलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. न्यू जर्सीच्या सिड-क्राफ्ट, फ्लोरिडातल्या माउंट डोराच्या स्विफ्ट, कॅलिफोर्नियाच्या डिसिल्व्हा या नावाजलेल्या बोटी. पण असंख्य बोटी मासिकांत छापलेल्या नकाशांवरून बाप-लेकांनी घरीच बांधल्या. निनावी बोट कमी दर्जाची नसते. उलट, विकणारा फार मोठं नाव घेऊ लागला तर पुरावा मागा.

४. कागदपत्रं

- विक्रीची पावती, बोटीचं वर्णन आणि इंजिनाचा क्रमांक घालून, दोघांच्या सह्यांसह.
- ट्रेलरची स्वतंत्र मालकीची कागदं. बोट मिळते, ट्रेलर मात्र कुणाच्याच नावावर नसतो, असं हमखास होतं. ते आधीच विचारा.
- बोटीवर ओळख क्रमांक नसेल तर घाबरू नका. तो सक्तीचा झाला १९७२ च्या शेवटी. त्याआधीच्या बोटींवर नसणंच स्वाभाविक.
- नोंदणीचे नियम राज्याराज्यांत वेगळे. परवाना कार्यालयात जाताना बोटीचे फोटो आणि मापं बरोबर न्या.

५. माणसं शोधा आणि ऐका

बोट ज्याच्याकडून घेतली त्याच्यापासून सुरुवात करा. “अजून कोण होतं तेव्हा?” हा एक प्रश्न तीन नावं देतो. त्या तिघांकडून नऊ. शिवाय केंट गावातलं हायड्रोप्लेन अँड रेसबोट म्युझियम आहे. तिथे जुन्या चालकांची ऊठबस असते. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या अँटिक आउटबोर्ड मोटर क्लबच्या मेळाव्यांना जा. तिथे इंजिनांबद्दल विचारलेलं कुणालाही आवडतं.

भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मिठाईबद्दल म्हणत नाही मी (ती न्यायचीच, आमच्या बेसनाच्या लाडवांनी पुष्कळ दारं उघडली आहेत). वस्तू न्या. “कशी होती हो शर्यत?” असं विचारलं की उत्तर येतं, “फार मजा यायची,” आणि बोलणं संपतं. केनमोरच्या एका आजोबांच्या हातात मी बोटीबरोबर आलेला दोन पात्यांचा पितळी पंखा ठेवला. त्यांनी तो उलटा केला, पात्याच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले. तिथे कड किंचित आत वळवलेली होती. “हे माझ्या भावाचं काम,” म्हणाले. तो भाऊ कुठे राहायचा, कानस कुठली वापरायचा, रात्री आई जेवायला हाका मारायची तरी तळघरातून वर कसा यायचा नाही, हे सगळं मग अडीच तास.

विचारायचे प्रश्न असे ठेवा: इंजिन कुठून आणलं? पैसे कुठून आले? शर्यतीला बोट कशावरून नेत होता? इंजिन सुरू करायची दोरी कोण ओढायचं? उलटलात तेव्हा आधी कोण पोचलं? पंखे कुणाकडून घासून घेत होता? बायकांना वेगळं बसवून विचारा. वेळ लावणं, गुण लिहिणं, डबे, मुलं, जखमा आणि फोटोंचे अल्बम पुष्कळदा त्यांनीच सांभाळले, आणि काहीजणी स्वतः शर्यतीत उतरल्या. लहान मुलांचा ‘जे’ वर्गही होता, त्यामुळे आज साठी-सत्तरीत असलेलेही तुमच्या उपयोगाचे आहेत.

काही पथ्यं. फोनवर रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या, आणि हे रेकॉर्डिंग पुढे संग्रहालयाला देता येईल अशी साधी लेखी संमतीही. मध्येच वर्ष दुरुस्त करू नका. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही तशाच लिहून ठेवा. कागद नंतर बोलतील. अल्बम घरी आणू नका, त्यांच्या टेबलावरच फोटो काढा किंवा स्कॅनर घेऊन जा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण नावं तिथे असतात.

सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट येईलच: एरंडेलाचा वास. अल्कोहोलच्या इंजिनांत तेच तेल वापरायचे, आणि काठावर उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या नाकात तो वास अजून आहे. आपल्याकडे नाक दाबून पाजायचे ते एरंडेल इथे लोक डोळे मिटून आठवतात.

६. कागदांशी ताळा घाला

शहराच्या ग्रंथालयाच्या कार्डावर जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या शोधता येतात. सिएटलच्या इतिहास आणि उद्योग संग्रहालयात, म्हणजे मोहायमध्ये, वृत्तपत्रांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे. नावाने शोधताना स्पेलिंग चार प्रकारे बदलून बघा. बातमीदार नावं चुकवायचे. छापील कार्यक्रमपत्रिकेत नाव आहे म्हणजे तो धावला असं नाही, नाव नोंदवलं होतं इतकंच.

खरा ऐवज म्हणजे निकालपत्रक. ते वाचायची किल्ली अशी. एका वर्गाच्या बहुधा दोन फेऱ्या असत. फेरीत पहिल्याला ४०० गुण, मग ३००, २२५, १६९, १२७, ९५, ७१... प्रत्येक जागा आधीच्या तीनचतुर्थांश. म्हणून एकूण गुणांवरूनच कहाणी निघते. ८०० म्हणजे दोन्ही फेऱ्या जिंकल्या. ६२५ म्हणजे एक पहिला, एक तिसरा. ६०० म्हणजे दोन्ही वेळा दुसरा. नुसते ४०० दिसले तर एक फेरी जिंकून दुसरीत काहीतरी बिघडलं; तिथे ‘डीएनएफ’ म्हणजे पूर्ण केली नाही, ‘डीएनएस’ म्हणजे सुरूच केली नाही, ‘डीक्यू’ म्हणजे बाद.

बाद होण्याचं नेहमीचं कारण सुरुवात. या बोटी रेषेवर थांबून सुटत नाहीत. मोठ्या घड्याळाचा शेवटचा मिनिट चालू असताना सगळे मागे फिरत राहतात आणि काटा शून्यावर येताना पूर्ण वेगात रेषा ओलांडतात. क्षणभर आधी ओलांडली की ती फेरी गेली. आजोबा म्हणाले, “मी जिंकलो होतो, पण दिलं नाही,” तर पत्रकात ‘डीक्यू’ शोधा. दोघंही खरं बोलत असतात.

७. आता इंजिन

बंद पडलेल्या इंजिनाचं फ्लायव्हील जोर लावून फिरवू नका. प्लग काढा, आत पातळ तेल सोडा आणि काही दिवस थांबा. इंजिन अल्कोहोलवालं असेल तर आतलं एरंडेल वार्निशसारखं घट्ट झालेलं असतं. ते मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनने हळूहळू सुटतं. मग मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी तयार करणारा भाग: पॉइंट साफ करा, कंडेन्सर बदला, कॉइलला तडे आहेत का बघा. ठिणगी चांगली असेल तर अर्धं काम झालं.

इंधनात दोन खड्डे आहेत. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुन्या कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या तरंगाला चपड्याचा लेप असतो, तो इथेनॉलमध्ये विरघळतो आणि जेट तुंबतो. इथेनॉल नसलेलं पेट्रोल शोधा. तेलाचं प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. आजच्या इंजिनांचं ५० ला १ इथे चालणार नाही, जुन्यांना बहुधा १६ किंवा २० ला १ लागतं.

दुसरा खड्डा मिथेनॉल. नवख्याने पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते विषारी आहे, कातडीतून शिरतं आणि दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. साधं खनिज तेल त्यात मिसळत नाही, एरंडेल मिसळतं. जुने लोक एरंडेल वापरायचे ते यासाठी. काम करायचंच तर हातमोजे, चष्मा, शेजारी भरपूर पाणी, आणि जाणत्या माणसाची सोबत. चालवून झाल्यावर इंजिन पेट्रोल-तेलावर थोडं फिरवून धुवा, नाहीतर आतलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

८. पाण्यावर

एकट्याने जाऊ नका. या इंजिनांना क्लच नाही, न्यूट्रल नाही. दोरी ओढून सुरू झालं की बोट निघालीच. मांडीभर पाण्यात उभं राहून मागून बोट धरणारा एक, दोरीवाला एक, आणि वाचवायला दुसरी बोट तयार. जुनं कापसाचं लाइफ जॅकेट भिंतीवर टांगा, अंगावर आजचं घाला. हेल्मेट, आणि पडल्यावर इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी हवीच. पंख्याच्या मुळाशी तडा आहे का ते दर वेळी बघा. जुन्या सरसाने जोडलेला तळ वरून धडधाकट दिसतो आणि लाटेवर सुटतो, म्हणून चौकटींचे सांधे आधी हाताने हलवून बघा.

पहिली वेळ जुन्या बोटींच्या आयोजित मेळाव्यातच करा. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही १९०३ पासूनची संस्था, तिच्यात जुन्या बोटींसाठी वेगळा विभाग आहे. अशा ठिकाणी पाणी राखीव असतं, बचावपथक असतं, आणि काठावर तुमच्या बोटीला ओळखणारा कुणीतरी निघण्याची शक्यता असते. त्याच्यासाठी वही जवळ ठेवा.

९. जमलेलं कुठे द्यायचं

फायलींना ‘फोटो १’, ‘फोटो २’ अशी नावं देऊ नका. वर्ष, ठिकाण, वर्ग, बोटीचा आकडा, या क्रमाने द्या; वर्ष नक्की नसेल तर ‘सुमारे १९५५’ असं लिहा. फोटो किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. एक प्रत त्या कुटुंबाला, एक संग्रहालयाला, एक तुमच्याकडे. रेकॉर्डिंगबरोबर दोन पानांचा सारांश जोडा, कारण अडीच तासांची ध्वनिफीत ऐकायला कुणी बसत नाही, आणि सारांशात कोण कुठल्या मिनिटाला काय बोललं ते लिहा.

बोटीच्या आतही एक पाकीट ठेवा: आजवरचे मालक, जुने आकडे, तुम्ही काय बदललं आणि कधी, काढलेल्या भागांची यादी. पाणी लागणार नाही असं प्लास्टिक वापरा आणि डेकखाली, चालकाच्या गुडघ्यांपुढच्या चौकटीला बांधा. पुढचा मालक आरसा आधी तिथेच फिरवेल.